मुंबईत एकच दिवस असलेल्या पाहुण्यांना काय दाखवावे?
माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी गेटवेच्या आधी वाळकेश्वरच्या बाणगंगेवर नेते, आणि तेही सकाळी लवकर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या तलावाचे पाणी गोडे आहे. दगडी पायऱ्या उतरून पाण्याशी बसले, की बदकांचा कलकलाट आणि देवळांतल्या घंटा एवढेच कानी पडते, आणि हीच का ती मुंबई, असे पाहुणे हमखास विचारतात. तेथून गिरगावातील खोताच्या वाडीत लाकडी सज्जांची जुनी घरे पाहत पायी फिरावे. मात्र तेथे कुटुंबे राहतात, याचे भान ठेवावे. दुपारी भायखळ्याला १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. ते बुधवारी बंद असते. संध्याकाळी दादरला साबुदाणा वडा आणि त्यावर गार पियूष द्यावे.