तो येत नसेल, तर तुम्ही या

लातूरमध्ये व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न पिणाऱ्या माणसाकडून येत नाही, तो त्याच्या घरच्यांकडून येतो: "ते यायलाच तयार नाहीत, मग आम्ही एकट्यांनी येऊन काय उपयोग?" या प्रश्नापाशी कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे अडून राहतात, कारण पिणाऱ्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय काही होत नाही, असे त्यांना नातेवाइकांनी आणि क्वचित डॉक्टरांनीही सांगितलेले असते. इच्छा लागतेच, पण ती जागी करण्याचे पुष्कळसे काम घरातून होऊ शकते. एका कुटुंबाच्या संमतीने त्यांची हकिकत येथे देत आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

लग्नसराईच्या दिवसांत एक सासू आणि सून माझ्याकडे आल्या. सुनेचा नवरा मोंढ्यातल्या एका आडत दुकानात मुनीम होता. सौदे आटोपले, पट्ट्या झाल्या, की दुकानामागे 'बसण्याची' सवय त्याला दहाएक वर्षांपासून होती. आता मात्र सकाळी चहाच्या आधीही त्याला घोट लागत होता. "माझं लेकरू वाईट नाही ओ मॅडम, संगत वाईट लागली," असे सासूबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि सून गप्प होती. थोड्या वेळाने सासूबाईंनी पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. कोणी तरी त्यांना ती पिणाऱ्याला न सांगता वरणात कालवून द्यायला सांगितले होते.

या पुडीविषयी सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण अशा पुड्या आमच्याकडे वरचेवर येतात. त्यांत नेमके काय आहे, हे देणारा सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल, तर धोका मोठा आहे. हे औषध घेतल्यावर दारू पोटात गेली, की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि हृदय किंवा यकृत आधीच कमकुवत असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम टिकू शकतो. म्हणूनच डॉक्टर हे औषध तपासणी करून आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच देतात. शिवाय आपल्या ताटात घरच्यांनी काही कालवले, हे कळल्यावर त्या माणसाचा उपचारांवरचा आणि घरावरचा विश्वास उडतो, तो परत मिळवायला फार काळ लागतो. सासूबाईंनी पुडी माझ्याकडेच ठेवली.

मग मी सुनेला मागचा आठवडा दिवसागणिक सांगायला लावले. नवरा दुकानावर गेला नाही, की मालकाला फोन करून "त्यांना ताप आहे" असे ती सांगत असे. पगारावरची उचल संपली, की तीच दुकानावर जाऊन घरखर्चाच्या नावाने आणखी उचल आणत असे. सकाळी मुलाचे हात थरथरताना पाहवत नाहीत, म्हणून सासूबाई कनवटीचे पैसे काढून देत असत. यातली प्रत्येक गोष्ट घर टिकावे म्हणूनच केलेली होती आणि ती करणाऱ्या बाईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही या गोष्टींचा एकत्रित परिणाम असा झाला होता, की पिण्याची किंमत घरातले सगळे मोजत होते आणि पिणाऱ्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती.

अशा वेळी 'पैसे आजपासून बंद करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो दिला नाही. रोज सकाळी थरथर सुटत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून झालेले असते आणि ती एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहू लागतो आणि उपचार मिळाले नाहीत तर दगावूही शकतो. म्हणून दारू घरच्या घरी जबरदस्तीने सोडवायची नाही, हे आधी ठरले. मालकाशी खोटे बोलणे आणि नवऱ्याच्या नावाने उचल आणणे, एवढ्याच दोन गोष्टी थांबवायच्या होत्या. तो अंगावर धावून येतो का, हे मी सुनेला एकटीला बसवून विचारले, कारण मारहाण होत असेल तर आधी सुरक्षिततेची योजना करावी लागते. तसे घडत नव्हते. तरीही ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक मी तिला पाठ करायला सांगितले.

दुसरे काम बोलण्याचे होते. रात्री तो पिऊन आल्यावर होणारे भांडण पूर्णपणे बंद करायचे आणि जे सांगायचे ते तो शुद्धीत असताना, थोडक्यात आणि टोमणा न मारता सांगायचे, असे ठरले. "सोडा, नाही तर मी माहेरी जाते" ही धमकी ती अनेकदा देऊन बसली होती आणि ती कधीच खरी न झाल्यामुळे तिला वजन उरले नव्हते. आम्ही नवे वाक्य तिच्याच तोंडून घडवले: "काल तुम्ही लेकीच्या शाळेत आलात, तिला फार बरं वाटलं. उद्या माझ्याबरोबर चला, डॉक्टरांना हाताची थरथर दाखवू." हे वाक्य ती माझ्यासमोर कितीदा तरी म्हणून गेली. प्रथम तिला हसू आले, नंतर रडू आले.

ही पद्धत माझ्या पदरची नाही. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी कुटुंबीयांना असे शिकवण्याचा कार्यक्रम विकसित केला. त्यावरील १९९९ च्या एका अभ्यासात, उपचारांना नकार देणाऱ्या मद्यपींपैकी ६४ टक्के जण घरच्यांच्या या प्रशिक्षणानंतर उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत ते प्रमाण ३० टक्के होते. आमच्या मोंढ्यातले घर त्या घरांसारखे नाही, हे मला ठाऊक आहे; एकत्र कुटुंबात सुनेने नवऱ्याशी असे बोलायचे म्हणजे आधी सासूची साथ मिळवावी लागते. म्हणूनच या दोघी एकत्र आल्या, हे या घराचे नशीब म्हणायचे.

पुढचे काही दिवस वाईट गेले. मालकाचा फोन थेट त्यालाच गेला, घरात आदळआपट झाली, "माझी अब्रू घालवलीस" असे तो म्हणाला. सून फोनवर रडली, पण तिने मालकाला फोन केला नाही. जूनच्या सुरुवातीला तो आला तो "झोप लागत नाही, पित्त होतं" असे सांगत. दारूचे नाव त्याने काढले नाही आणि आमच्या डॉक्टरांनीही ते लगेच काढले नाही.

तपासणीत यापूर्वी कधी झटके किंवा भ्रम झाल्याचे आढळले नाही, यकृताचे अहवाल फार बिघडलेले नव्हते आणि घरात औषधे सांभाळणारी दोन माणसे होती. म्हणून त्याला भरती न करता, थरथर आवरणारी गोळी दिवसागणिक कमी करत आणि बी-१ जीवनसत्त्व देत बाहेरूनच उपचार झाले. यातले एक जरी उलटे असते, तर मी भरतीचाच आग्रह धरला असता. पहिल्या आठवड्यात तो रोज येऊन दाखवून जात होता, नंतर आठवड्यातून एकदा आणि तलफ कमी करणारी गोळी वेगळी सुरू झाली.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली. रात्री उशिरापर्यंत काटे चालू, खिशात रोकड आणि जुनीच मंडळी, अशा दिवसांत तो पुन्हा प्यायला. सासूबाईंना वाटले, सगळे मातीत गेले. वास्तविक पुन्हा घसरणे या आजारात वारंवार घडते आणि अशा वेळी किती लवकर दवाखान्यात परत येतो, याला महत्त्व असते. तो चार दिवसांत आला, आणि या वेळी दारूचे नाव त्यानेच घेतले. मालकाशी बोलून हंगामापुरते रोकडीचे काम दुसऱ्या मुनिमाकडे देण्यात आले.

त्याची दारू थांबल्यावर सुनेची झोप परत येईल, असे मला वाटत नव्हते आणि ती आलीही नाही. तो आला, की शर्टाचा वास घेणे, खिसे तपासणे, फोन लागला नाही तर पोटात गोळा येणे, हे तिचे चालूच राहिले. तिच्यासाठी आम्ही वेगळी सत्रे ठेवली आणि ती इतर बायकांच्या गटात बसू लागली. मद्यपींच्या कुटुंबीयांचे 'अल-अनॉन' हे असेच स्वमदत गट १९५१ पासून चालत आले आहेत. ज्यांच्या गावात असे काही नाही, त्यांनी १४४४६ या नशामुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. आपण पिणाऱ्याचे नातेवाईक आहोत आणि एकटेच येणार आहोत, एवढे सांगितले तरी पुरते.

कार्तिकीला सासूबाईंनी मुलाला पंढरपूरला नेऊन त्याच्या गळ्यात माळ घातली. दारू माळेने सुटली, असे त्या आता सर्वांना सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही, कारण मोंढ्यात माळकऱ्याला कोणी 'थोडी घे' असा आग्रह करत नाही आणि नाही म्हणण्याचे त्याचे निम्मे कष्ट वाचतात. गोळ्या मात्र चालू आहेत आणि त्या वेळेवर देण्याचे काम सासूबाईच करतात.