उ: स्कायलाइट गळतंय, तिसऱ्यांदा सिलिकॉन मारू की स्लॅबच भरून टाकू?

दोन्ही नको. जिन्यावरचं स्कायलाइट (छतातली काचेची खिडकी), दोनदा सिलिकॉन मारून झालं, तरी खालच्या कडेने थेंब पडतायत आणि घरचे म्हणतायत ‘बुजवा ते भोक’... तुमची पोस्ट वाचून आमचं जुनं दुखणंच आठवलं. बुजवायची घाई करू नका. ढगाळ दिवशी डोक्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या सुमारे तिप्पट उजळ असतं. म्हणून छतातली छोटी काच जेवढा उजेड देते, तेवढा भिंतीतली तेवढीच खिडकी देत नाही. जिन्यासारख्या आतल्या जागेला तर दुसरा उपाय नसतो. उघडणारं असेल तर वर साठलेली गरम हवाही तिथूनच निघून जाते.

आधी बघा, ही गळती आहे की नुसता दव. पाऊस नसताना पहाटे काचेच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे थेंब दिसत असतील तर ते घरातल्या हवेतलं बाष्प आहे. एकेरी काच किंवा एकेरी पॉलीकार्बोनेट (काचेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकची शीट) असेल, शेजारी बाथरूम किंवा स्वयंपाकघर असेल, तर हे होणारच. त्याला दुहेरी काच आणि वायुवीजन हवं, सिलिकॉनचा तिथे काही संबंध नाही. दुहेरी काचेच्या मधोमध धुकं धरलं असेल तर तिचं सील गेलंय, तेवढी काच बदला.

आता मुख्य मुद्दा. चौकटीच्या खालच्या कडेला, बाहेरून, बारीक भोकं किंवा खाचा आहेत का बघा. त्यांना वीप होल म्हणतात. काचेच्या रबरामागे थोडं पाणी जाणारच, हे धरूनच चौकट बनवलेली असते. आत खोबण असते आणि तिथलं पाणी या भोकांतून बाहेर पडतं. बऱ्याच चौकटींत काचेवरून ओघळणारा दवही याच वाटेने जातो. ‘गळतंय’ म्हटलं की माणूस सिलिकॉनची गन घेऊन चढतो आणि दिसेल ती फट भरतो, त्यात ही भोकंही बुजतात. मग खोबण भरते आणि पाणी आतल्या कडेवरून घरात उतरतं. म्हणजे जितकं सिलिकॉन जास्त, तितकी गळती जास्त! आमच्याकडे हेच झालं होतं. बसवणारा विक्रेत्याकडे बोट दाखवायचा, विक्रेता बसवणाऱ्याकडे, आणि वॉरंटीच्या कार्यालयातून प्रत्येक वेळी एकच उत्तर: ‘फोटो पाठवा.’ ते असो.

भोकं बुजलेली असतील तर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सिलिकॉन काढा आणि भोकात बारीक तार हलक्या हाताने फिरवा. ड्रिल लावू नका, आतलं रबर फाटतं. मग मगभर पाणी खालच्या कडेच्या रबरापाशी हळूहळू सोडा. थोड्या वेळाने भोकांतून ठिबकायला लागलं तर वाट मोकळी झाली.

तरीही गळत असेल तर होजने तपासा. एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण वर. दोघांत फोन चालू ठेवा. पाणी सगळ्यात खालून सुरू करा: आधी फक्त छत आणि कठड्याचा (भोकाभोवतीची उभी कड, जिच्यावर चौकट बसते) सांधा, मग चौकटीची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. प्रत्येक टप्प्याला 10-15 मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. हो, काचेवर किंवा शीटवर पाय ठेवू नका, ‘मजबूत आहे’ असं कुणी कितीही सांगितलं तरी.

सपाट स्लॅबवर पहिल्याच टप्प्यात पाणी आलं तर दोष कठड्याचा. कठडा तयार पृष्ठभागापासून 150 मिमी वर हवा. सगळे ते मोजतात कच्च्या स्लॅबपासून! वर उताराचा थर आणि लाद्या आल्या की हातात 50-60 मिमी उरतात आणि जोराच्या पावसात पाणी उसळून चौकटीखाली शिरतं. वॉटरप्रूफिंग कठड्याच्या पायाशी थांबवायचं नसतं, ते माथ्यापर्यंत चढवायचं असतं. कोपऱ्यात सिमेंटच्या मसाल्याची तिरकी गोलाई (गवंडी तिला वाटा म्हणतात) केली नाही तर वॉटरप्रूफिंगचं पटल तिथेच घडी पडून फाटतं.

उतरत्या छपरावर फ्लॅशिंग पत्र्यांचा (चौकट आणि छपराचा सांधा झाकणारे पत्रे) क्रम बघा: खालचा आधी, मग बाजूचे खालून वर, माथ्याचा शेवटी. वरचा पत्रा नेहमी खालच्यावर, 75 ते 100 मिमी चढलेला. एकही उलटा बसला असेल तर वर काहीही फासा, गळणारच.

सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काँक्रीटवर आणि पत्र्यावर नको, पॉलीकार्बोनेटवर तर नकोच. जुनं पूर्ण खरवडून काढा, धूळ बसलेल्या थरावर नवं धरत नाही. 12 मिमी रुंद फटीत आधी फोमची दोरी, वर 6 मिमी सिलिकॉन.

पॉलीकार्बोनेट असेल तर स्क्रूची भोकं सैल आहेत ना बघा. 2 मीटरची शीट 40 अंशांच्या फरकाने 5 मिमी वाढते. घट्ट आवळली की भोकापासून तडा जातो आणि लोक म्हणतात माल खराब.

काच बदलणारच असाल तर आतली काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) घ्या, फुटली तरी डोक्यावर पडत नाही. नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) घेऊ नका, हे माझं ठाम मत. उन्हासाठी पडदा आत लावण्यापेक्षा बाहेर सावली करा, आतल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता आधीच घरात आलेली असते.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर नाही. भोकाच्या कोपऱ्यातून स्लॅबला तिरकी भेग गेलेली दिसली तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी इंजिनियरला दाखवा. नसेल तर चौकटीच्या खालच्या कडेचा बाहेरून जवळून काढलेला फोटो इथे टाका आणि होज कुठल्या टप्प्यावर असताना पाणी आलं ते लिहा.