ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पेलिंगच्या चुका दिसल्या, तर दुरुस्त करून पाठवाव्यात का?

जरूर पाठवा. तुम्ही लिहिलंय की प्रोग्रामिंग येत नाही आणि एका अक्षरासाठी अनोळखी माणसांना त्रास द्यायला संकोच वाटतो. मी बरीच वर्षं अशा दुरुस्त्या पाठवते आहे, आता एका छोट्या प्रकल्पात इतरांनी पाठवलेल्या तपासतेही. नीट पाठवलेली एका अक्षराची दुरुस्ती मिनिटभरात तपासून होते.

त्रास होतो तो न तपासता पाठवलेल्या बदलांचा. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, त्यामुळे ‘कलर’मध्ये यू दिसला नाही की खटकतं. पण ते अमेरिकन स्पेलिंग आहे. प्रकल्पाने जी पद्धत धरली असेल तीच राहू द्यायची. त्याहून जपायचं ते कोडमधल्या नावांना. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या सिस्टीम कॉलच्या (प्रोग्रामने सिस्टीमला करायच्या विनंतीच्या) नावाच्या शेवटी ई नाहीच. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांतल्या ‘रेफरर’ या हेडरच्या (आधीचं पान कोणतं हे सांगणाऱ्या ओळीच्या) नावातल्या जोड आरपैकी एक आर गळलेला आहे. १९९६च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या नियमांच्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि आजही तसाच लिहावा लागतो, नाहीतर सर्व्हरला कळणार नाही. पुढे आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ हेडरमध्ये मात्र दोन्ही आर आहेत. म्हणजे एकाच पानावर दोन स्पेलिंगं दिसतील आणि दोन्ही बरोबर असतील!

सुरुवातीला मी कोडस्पेल नावाचं साधन सगळ्या रेपोवर, म्हणजे प्रकल्पाच्या साऱ्या फाइलींवर, चालवलं आणि त्याने केलेले बदल न वाचताच पाठवले. त्यात एका फंक्शनचं नाव बदललं गेलं आणि कोड तपासणाऱ्या टेस्ट नापास झाल्या. मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, वेळ माझ्यामुळे वाया गेला याचं फार वाईट वाटलं. कोडस्पेल चांगलंच आहे, पण चुका शोधायला. बदल एकेक ओळ वाचून स्वतः करा.

वेबसाइटवर दिसणारं पान बहुतेक वेळा मार्कडाउन किंवा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट अशा साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेल्या मूळ फाइलपासून तयार होतं. दुरुस्ती त्या मूळ फाइलमध्ये करायची, नाहीतर पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पान पुन्हा तयार होताना, चूक परत येते. प्रकल्प गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असेल, तर तिथे फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक केलं की फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमची स्वतःची प्रत, तिथूनच बनवता येतो. एका पानावरच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीत, घाला, आणि प्रकल्पाच्या योगदानाच्या सूचना आधी वाचा.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. डॉक्युमेंटेशनचं भाषांतर गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाने होत असेल, तर मूळ इंग्रजी वाक्य हीच तिथे किल्ली असते, त्यावरूनच भाषांतर शोधलं जातं. त्यात एक अक्षर बदललं, तरी प्रत्येक भाषेतलं ते वाक्य ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरू शकतं, आणि भाषांतरकाराने पुन्हा मान्य करेपर्यंत वाचकाला इंग्रजीच दिसतं. मी मराठी भाषांतरही करते, म्हणून हे जवळून पाहिलंय. त्यामुळे नवी आवृत्ती तोंडावर असेल तर थोडं थांबा.

काही मेंटेनर कोरडं उत्तर देतील. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२०मध्ये त्या टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक बदलांचा इतका पूर आणला की आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवं त्यांनीच भाग घ्यावा, असं करावं लागलं. तो राग तुमच्यावर नसतो.

आणि कृपा करून याला किरकोळ काम समजू नका. पानावर शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, तर बरोबर स्पेलिंगने शोधून तो सापडत नाही. चूक कमांडमध्ये असेल, तर ती जशीच्या तशी कॉपी करणाऱ्याचं काम अडतं. मराठी माध्यमातून आलेली मुलगी तो शब्द डिक्शनरीत शोधते, मिळत नाही, आणि आपलंच इंग्रजी कच्चं आहे असं तिला वाटतं. मी तशीच बसले होते, एका शब्दापाशी अर्धा तास. माझी पहिली दुरुस्ती त्याच शब्दाची होती.