पाकिटावरचे दिवस मोजू नका, बाळी बघा

"७५ दिवस भरले म्हणून कलिंगड कापलं, तर आत काकडी!" वेलावर अजून दोन आहेत, हे शुगर बेबी वाणाबद्दलचं तुमचं वाचलं आणि आमच्या परसातली सहा फळं डोळ्यांसमोर आली. आळं, खत, पाणी तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

माझंही शुगर बेबीच होतं. बियांच्या पाकिटावर ७५ ते ८० दिवस. खात्री करायला एका कार्यालयात गेलो. दोन हेलपाटे फुकट, तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "पाकीट वाचता येतं ना?" वर एक माहितीपत्रक दिलं, तेही कांद्याचं! मीही शहाणा, ७८व्या दिवशी सहाच्या सहा तोडली. एक कापून बघायचं तरी सुचावं ना! सगळी फिकट गुलाबी. कलिंगड काही आंबा नव्हे, अढीत घालून गोड व्हायला. शेजारच्या म्हशीची मात्र चंगळ झाली.

पेरल्यापासूनचे दिवस थंडीत लांबतात, वेलावर सावली असेल तरी लांबतात. म्हणून आता मी मादी फूल (मागे बारीकशी गोळी असते ते) फळ धरू लागलं की त्याच्या शेजारी वेलाला सैलसा रंगीत दोरा बांधतो आणि तारीख लिहून ठेवतो. तिथून ३० दिवस फळाला हात लावत नाही. मग रोज बाळी बघायची, म्हणजे देठापाशी स्प्रिंगसारखा वळलेला तणावा. त्याच फळाच्या पेरावरचा हं, पलीकडचा नाही! नुसतं टोक सुकून भागत नाही, पार बुडापर्यंत वाळायला हवा. सोबत फळाचा जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा लोण्यासारखा पिवळसर झाला आणि सालीची चकाकी उतरली, की कापा. तरी पहिल्यांदा एकच.

टिचकीवर माझा विश्वास नाही. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं बदबद, हे खरं. पण ते कळायला शेकडो फळं वाजवलेला कान लागतो. आपली फळं चार-सहा.

हा माझ्या लाल मातीतला, तीन-चार हंगामांचा अनुभव. वेल रोगाने किंवा पाण्यावाचून सुकत असेल तर बाळीही फसवते. आणि शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा, पण एकदम तोडून मग एक दिवस धो धो सोडू नका, फळ तडकतं. फळ पिरगाळून ओढू नका, बोटभर देठ ठेवून कात्रीने कापा. तुमच्या वेलावर अजून दोन आहेत म्हणता, त्यांच्या बाळीचा फोटो टाका.