काल पाऊस झाला, मग आता वणव्याची भीती नाही ना?

मार्च लागला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो, की अवकाळी पाऊस झाला, गारा पण पडल्या, म्हणजे सातपुड्यात आता आगीचं टेन्शन नाही ना. वणवा विझवायच्या कामात बरीच वर्षं गेली म्हणून लोक हक्कानं विचारतात, विचारायलाच पाहिजे. पण यंदाही तेच गैरसमज फिरताहेत, म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न (मनीषनगर): उन्हाळ्यात बांबूवर बांबू घासून जंगल पेटतं, हे खरं का?

हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात.

प्रश्न (महाल): मार्चच्या शेवटी आईबाबा आणि मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जायचंय. परवा तिकडे वादळी पाऊस झाला म्हणे. आगीची काळजी सोडून द्यायची ना?

नाही, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

चिखलदऱ्याभोवतीचं मेळघाटचं जंगल पानझडी, त्यात साग भरपूर. आत्तापर्यंत सागाची पानं गळून त्यांचा जाड थर जमिनीवर साचलेला असतो. पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं एक पान मुठीत चुरगळून बघा, ते नरम लागतं, दबतं पण तुटत नाही. दुपारी तीनला तिथलंच दुसरं पान घ्या, ऊन आणि वारा असेल तर मुठीत चुरा होतो. खालचा थर तेव्हा ओला असतो हे खरं, पण आग वरच्या पानांवरूनच पळते, तिला खालच्या ओलीशी काही घेणंदेणं नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, अशा हवेत एखादी वादळी सर तुम्हाला फार तर एक-दोन दिवस देते. लोक मात्र त्यावर आठवडाभर निर्धास्त राहतात.

त्यातही पावसाआधीच लागलेली आग असेल तर ती विझली असं वाटतं आणि विझलेली नसते. पोखरलेल्या मोहाच्या खोडात, सागाच्या जुन्या खुंटात विस्तव आतल्या आत धुमसत राहतो. वरून नुसती राख दिसते, हाताची पालथी बाजू जवळ नेली की ऊब लागते. दोन-तीन दिवसांनी वारा सुटला की तिथूनच परत पेटतं आणि मग सगळे म्हणतात की नवीन आग कोणी लावली.

आणि खरी भीती पावसाच्या आधीच्या वाऱ्याची आहे. या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून ओला वारा येतो, पश्चिमेकडून कोरडा येतो, दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात आणि दुपारनंतर ढग चढतात. त्या ढगातून थंड हवा खाली आपटते आणि चहूकडे पसरते. सकाळपासून एका दिशेनं हळूहळू सरकणारी आग असते, वाऱ्याची दिशा बदलली की तिच्या बाजूची लांब कड काही मिनिटांत तिचं तोंड होते, म्हणजे आग त्या कडेवरून पुढे धावायला लागते. पाऊस मागून येईलच याची खात्री नाही, कित्येकदा नुसता वाराच येऊन जातो. डोंगरात तर अजून वाईट, ज्वाळा उताराला टेकते आणि वरची पानं आधीच तापवून ठेवते. उतार दर 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की लोकांना हायसं वाटतं आणि जाळरेषेवरच्या, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

जाऊ नका असं नाही म्हणत. निघायच्या दिवशी सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघा, वादळी वाऱ्याचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर आईबाबांना घेऊन घाटात जायचं एक दिवस पुढे ढकला. तिथं पोचल्यावर वनखात्याच्या नाक्यावर विचारा की आज कुठे आग चालू आहे का. हॉटेलवाल्याला नका विचारू, तो कशाला गिऱ्हाईक घालवेल.

प्रश्न (काटोल): शेताला लागून राखीव जंगल आहे. धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) संध्याकाळी वारा पडल्यावर जाळली तर चालेल का?

नका जाळू भाऊ. संध्याकाळी वारा पडतो, पण निखारा रात्रभर राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा येतोच. पऱ्हाटीचा भुगा करायची मशीन भाड्यानं मिळते, बोंडअळीचा प्रश्न असेल तर कृषी सहायकाशी बोला. धुरा साफ करायलाच लागणार असेल तर आधी तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या जंगलाच्या वनरक्षकाला भेटा, तो सांगेल तसंच करा. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली राखीव जंगल पेटवणं तर गुन्हा आहेच, नियम मोडून जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं पण गुन्हा आहे. शेजारी जाळतो म्हणून आपण पण जाळलं, हे उत्तर तिथं चालत नाही.

प्रश्न (धरमपेठ): जंगलाजवळच्या एका रिसॉर्टचं कॅम्पफायर पॅकेज आहे. आमच्याकडे परमिशन आहे आणि आग विझवायचे बॉल पण ठेवलेत असं ते म्हणतात.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात. त्यात पानगळीच्या जंगलाला खेटून शेकोटी पेटवायचे पैसे घेणं मला अजिबात पटत नाही. परमिशन आहे म्हणतात ना, मग कागद दाखवा म्हणा, आणि त्यावरची सही खरी आहे का ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या ऑफिसात फोन करून विचारा. ते बॉल बंद खोलीतल्या छोट्या आगीसाठी ठीक आहेत, उघड्यावर वारा सुटल्यावर त्यांचा काही उपयोग नाही. मुलांना गाणी म्हणायला शेकोटी लागत नाही.

प्रश्न (वर्धा रोड): नकाशावर मेळघाटात लाल ठिपके दिसले. जंगल संपलं का?

नाही. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण सॅटेलाईटवरून जमिनीवरचा तापलेला चौकोन पकडतं, तोच नकाशावर ठिपका म्हणून दिसतो. त्यातला बारीकातला बारीक चौकोन 375 मीटरचा, आत शेतातला काडीकचरा पण जळत असू शकतो. उलटं पण लक्षात ठेवा, ढग असले की खाली आग असूनही ठिपका येत नाही, म्हणजे अवकाळीच्या दिवसांत ठिपका नाही म्हणून निश्चिंत राहू नका. स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी वनखात्याला विचारा.

प्रश्न (सदर): धुरानं मुलीचा दमा वाढतो, कोणता मास्क घेऊ?

हे डॉक्टरांना विचारा, आणि सहलीच्या आधी विचारा.

प्रश्न (प्रतापनगर): एप्रिलअखेर आमचा ग्रुप उत्तराखंडात ट्रेकला जातोय. आग दिसली तर काय करायचं?

तिथं चीडचं जंगल, वाळलेल्या सुयांचा थर आणि त्यात राळ, भराभर पेटतं. 2016 मधे तिथं हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली होती. आगीच्या पुढं चढावर पळायचं नाही, माणूस चढताना दमतो आणि आग चढताना वेग घेते. घळीत शिरायचं नाही. आडवं सरकत बाजूला निघा, उघडा खडक, नदीचं पात्र किंवा आधीच जळून काळी झालेली जमीन गाठा. कपडे सुती घाला, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. मार्च 2018 मधे तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि 20 हून जास्त जीव गेले, तो पण मार्चच होता. म्हणून तुमच्या आयोजकाला विचारा की त्या डिव्हिजनच्या वनखात्याला तुमची तारीख आणि वाट कळवली आहे का. तो कळवू कळवू म्हणत असेल तर स्वतः फोन करा, नाहीतर पैसे परत घ्या.

प्रश्न (जरीपटका): देवलापारजवळ हायवेवरून धूर दिसला, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. अजून काय करायला हवं होतं?

1926 ला फोन, आणि तो व्हिडिओच्या आधी. ही महाराष्ट्र वनखात्याची हेल्पलाईन आहे, नंबर आत्ताच सेव्ह करा. तुमचा व्हिडिओ ग्रुपमधून फिरत फिरत वनरक्षकाकडे पोचेपर्यंत तास-दोन तास जातात, आणि एवढ्या वेळात दोन माणसांनी ब्लोअरनं (पालापाचोळा उडवायच्या हवेच्या मशीननं) विझवली असती ती आग टेकडीच्या माथ्यावर जाते. फोनवर किलोमीटरचा दगड सांगा, रस्त्याच्या कोणत्या बाजूला धूर आहे आणि कुठं झुकतोय ते सांगा. स्वतः आत उतरू नका. पलीकडून वनरक्षक म्हणाला तिथंच थांबा तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन थांबा, त्याला जागा दाखवायला कोणीतरी लागतं.