एक्सआरजीबी८८८८ मध्ये मेमरीतला पहिला बाईट कुठला? लाल पाठवला की निळा दिसतोय, एंडियन बघून सगळीकडं स्वॅप टाकू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आर्म बोर्डावर छोट्या एसपीआय (तारेवरून बिटामागून बिट पाठवायची पद्धत) पॅनेलचा डिस्प्ले ड्रायव्हर लिहालाय, आरजीबी५६५ (१६ बिटांचा पिक्सेल, लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट) मध्ये लाल पाठवला की निळा दिसतोय, म्हणून पॅनेलचा बीजीआर बिट (लाल-निळ्याची अदलाबदल करायची सेटिंग) लावला तर लाल लाल दिसायला लागला खरं आता हिरवा निळा दिसालाय, आणि मित्र म्हणतोय कोडमध्ये सगळीकडं एंडियन (म्हणजे आकड्याचा कुठला बाईट मेमरीत आधी पडतो तो क्रम) बघून इफडेफ (मशीन बघून कोडचा तुकडा घ्यायची किंवा गाळायची अट) टाक. मी बेळगावात उद्यमबागेत मशीनची पॅनेलं, कंट्रोलर असली कामं करतो आणि या रंगांच्या भानगडीत माझे लई दिवस गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे बीजीआर बिट परत काढा. तुमचा बग लाल-निळ्याच्या अदलाबदलीचा नाहीच, तो १६ बिटातल्या दोन बाईटच्या क्रमाचा आहे, आणि हे तुम्ही सांगितलेल्या रंगांवरूनच कळतंय. आरजीबी५६५ मध्ये पूर्ण लाल म्हणजे हेक्समध्ये एफ८००. दोन बाईट उलटे झाले की होतंय ००एफ८, आता याचे ५-६-५ असे तुकडे पाडा, लाल ०, हिरवा ६३ पैकी ७, निळा ३१ पैकी २४, म्हणजे जवळजवळ निळा. पूर्ण हिरवा ०७ई० उलटा झाला की ई००७, म्हणजे लाल २८, हिरवा ०, निळा ७, दिसणार लालच. आणि निळा ००१एफ उलटा झाला की १एफ००, म्हणजे लाल ३, हिरवा ५६, दिसणार हिरवा. म्हणजे बाईट उलटले की तिन्ही रंग गोल फिरतात, लालचा निळा, निळ्याचा हिरवा, हिरव्याचा लाल. नुसती लाल-निळ्याची अदलाबदल असती तर हिरवा हिरवाच राहिला असता. तुम्ही वरून बीजीआर बिट लावला त्यामुळं लाल योगायोगानं जागेवर आला (नीट बघितलं तर जरा मळकट दिसत असेल, कारण तो ३१ ऐवजी २४ आहे आणि त्यात थोडा हिरवा मिसळलाय) आणि हिरवा-निळा एकमेकांच्या जागी गेले. तुम्ही सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

कारण असं की आयएलआय९३४१ सारखे पॅनेलचे कंट्रोलर १६ बिटाच्या पिक्सेलचा वरचा बाईट आधी मागतात, आणि तुमचा आर्म लिटल एंडियन, त्याच्या मेमरीत खालचा बाईट आधी पडलेला असतोय. एसपीआय ८-८ बिटांनी पाठवालाय तर मेमरीतल्या क्रमानंच बाईट जाणार, म्हणजे उलटे. तुमचा एसपीआय कंट्रोलर १६ बिटाचा शब्द पाठवू शकत असेल तर शब्द १६ चा करा, मग वरचा बिट आधी जातोय आणि प्रश्न मिटला. नसेल तर पाठवायच्या अगदी आधी एकदा, एकाच जागी, बाईट उलटवा. लिनक्समधल्या मिपी-डीबीआयच्या (असल्या पॅनेलशी बोलायची ठरलेली पद्धत) मदतनीस कोडमध्ये नेमकं हेच केलंय, मशीन लिटल एंडियन असेल आणि एसपीआयला १६ बिट जमत नसेल तर स्वॅपचा झेंडा लावायचा. तो कोड वाचा, शक्य असेल तर सरळ तोच वापरा. एलव्हीजीएल (छोट्या पडद्यांची ग्राफिक्स लायब्ररी) वापरत असाल तर त्यात जुन्या आवृत्त्यांमध्ये १६ बिट स्वॅपची सेटिंग होती, ती चालू आणि वर ड्रायव्हरमध्येही स्वॅप असं झालं की दोन्ही मिळून शून्य होतंय आणि माणूस दिवसभर शोधत बसतोय.

आता तुमचा मूळ प्रश्न, एक्सआरजीबी८८८८ (३२ बिटांचा पिक्सेल, तीन रंगांचे ८-८ बिट आणि एक्स म्हणजे न वापरलेले ८) चा पहिला बाईट कुठला. डीआरएममध्ये (लिनक्स कर्नलचा डिस्प्ले सांभाळणारा भाग) याचं उत्तर एकच आणि पक्कं आहे: पहिला बाईट निळा, मग हिरवा, मग लाल, शेवटी एक्स. नाव ३२ बिटांच्या आकड्याचं आहे, वरच्या बिटाकडून खाली वाचलेलं, आणि तो आकडा मेमरीत लिटल एंडियन ठेवायचा असं व्याख्येतच लिहिलंय. सीपीयू कुठलाही असू दे. वेलँडच्या (लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवायची पद्धत) शेअर्ड मेमरीतल्या फॉरमॅटचंही तसंच.

हे डोक्यात बसायला आपल्याकडं एक चांगलं उदाहरण आहे. आमच्या वर्कशॉपचा स्टोअरवाला बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. मी फोनवर नंबर सांगताना "त्रेपन्न" म्हटलं की तो ऐकत ऐकत आधी तीन लिहायचा आणि मग पाच, झाले ३५. कारण कन्नडमध्ये ५३ ला ऐवत्मूरु म्हणतात, आधी पन्नास मग तीन, जसं लिहितो तसंच. आपण मराठीत आधी तीन म्हणतो मग पन्नास. आकडा एकच, कागदावर लिहिलाय पण एकसारखाच, नुसता बोलायचा क्रम वेगळा. मराठी लिटल एंडियन, कन्नड बिग एंडियन, असं धरा. एक्सआरजीबी हे कागदावर लिहिलेलं ५३ आहे, आणि मेमरी त्रेपन्न बोलालीय. आणि शंभरच्या वर गेलं की आपण "एकशे पंचवीस" म्हणतो, आधी शंभर, मग पाच, मग वीस, म्हणजे धड हेही नाही न् तेही नाही, असं करणारी यंत्रंही होऊन गेलीत, पीडीपी-११ या जुन्या संगणकात ३२ बिटांचा आकडा असाच मधूनच उलटा ठेवायचे.

त्यामुळं कुठलंही फॉरमॅटचं नाव समोर आलं की आधी एवढंच विचारा की हे नाव आकड्याचं आहे की मेमरीतल्या बाईटचं. माझ्या मते या विषयातले निम्म्याहून जास्त बग इथंच जन्मतात, आणि त्याला बिग एंडियन मशीन लागतच नाही. ओपनजीएलमध्ये (ग्राफिक्सची लायब्ररी, पुढची व्हल्कन, कैरो, क्यूटी पण तसलीच) आरजीबीए आणि अनसाइन्ड बाईट म्हटलं की ती बाईटची रांग, पहिला बाईट लाल. व्हल्कनचं आर८जी८बी८ए८ पण बाईटचीच रांग, खरं त्याच व्हल्कनमध्ये नावाच्या शेवटी पॅक३२ किंवा पॅक१६ आलं की तो आकडा, आणि तो सीपीयूच्या क्रमानं. डीआरएममध्ये याच लाल-हिरवा-निळा-अल्फा क्रमाच्या मेमरीला एबीजीआर८८८८ म्हणतात, नाव बरोबर उलटं. म्हणजे जीएलचा आरजीबीए आणि डीआरएमचा एबीजीआर एकच वस्तू आहे. जीएलमध्ये आरजीबीए म्हटलं म्हणून डीआरएममध्ये आरजीबीए८८८८ निवडणारे मी लई बघितलेत, तिथं पहिला बाईट अल्फा होतोय. कैरोचं एआरजीबी३२ तिसऱ्याच जातीचं, आकडा आहे खरं सीपीयूच्या स्वतःच्या क्रमानं, म्हणजे लिटल एंडियनवर ते डीआरएमचं एआरजीबी८८८८ आणि बिग एंडियनवर डीआरएमचं बीजीआरए८८८८. क्यूटीमध्ये तर एकाच यादीत दोन्ही जाती आहेत, आरजीबी३२ हा आकडा आणि आरजीबीए८८८८ ही बाईटची रांग.

मग सगळ्यांनी बाईटचीच नावं का ठेवली नाहीत म्हणाल तर ५६५ कडे बघा, हिरव्याचे ६ बिट, त्यातले ३ एका बाईटमध्ये आणि ३ दुसऱ्यात, त्याला बाईटच्या भाषेत नाव देताच येत नाही. एक्सआरजीबी२१०१०१० चं पण तेच, १०-१० बिटांचा कुठलाच रंग एका बाईटमध्ये बसत नाही. तिथं आकडा सांगून त्याचा क्रम सांगावाच लागतोय.

इफडेफ सगळीकडं टाकू का या प्रश्नावर माझं मत अगदी ठाम आहे, टाकू नका, आणि हे मी भोगून सांगालोय. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीच्या भट्टीचं पॅनेल होतं, बोर्ड जुना पॉवरपीसी, बिग एंडियन. दिव्यांची चित्रं, म्हणजे हिरवा दिवा चालू, लाल दिवा तापमान जास्त, ही मी पीसीवर कच्च्या आरजीबी५६५ मध्ये बनवून फाईल तशीच बोर्डावर कॉपी केली. अक्षरं आणि आलेख मात्र बोर्डावरच सीपीयू काढत होता. ट्रायलच्या दिवशी अक्षरं एकदम नीट आणि सगळं सुरळीत असताना तांबडा दिवा. भट्टीवरचे मामा मला म्हणाले, "हे तांबडं दिसालंय की, बंद करू काय भट्टी?" आणि तापमान वाढवून बघितलं तर दिवा निळा. वर तुमच्यासाठी जे गणित मांडलं तेच, हिरव्याचा लाल आणि लालचा निळा. मी घाईत शेवटच्या कॉपीच्या जागी एक इफडेफ आणि स्वॅप टाकला, दिवे बरोबर झाले आणि आलेख-अक्षरं बिघडली. मग अक्षरांच्या कोडमध्ये अजून एक उलटा स्वॅप. संध्याकाळपर्यंत चार जागी स्वॅप होते आणि कुठला कुणासाठी हे मलाच सांगता येत नव्हतं. भट्टीसमोर उभ्या माणसाचा त्या रंगावर विश्वास असतोय, त्यामुळं ते तसंच ठेवून मी घरी जाऊ शकलो नाही. रात्री सगळे स्वॅप काढले, फाईलच्या सुरुवातीला फॉरमॅट आणि क्रम लिहिला, आणि फाईल मेमरीत वाचतानाच एकदा हव्या त्या क्रमात आणली. त्यानंतर आत सगळीकडं एकच क्रम, एकही इफडेफ नाही.

ड्रायव्हरमध्ये पण हेच करा. बफरचा क्रम बफरच्या फॉरमॅटनं ठरतोय, सीपीयूनं नाही. सीपीयू ज्या क्षणी तो पिक्सेल आकडा म्हणून वाचतो किंवा लिहितो तेवढ्याच जागी सीपीयू-टू-एलई३२, एलई३२-टू-सीपीयू वापरा, लिटल एंडियनवर ते काहीच करत नाहीत, बिग एंडियनवर बरोबर उलटवतात, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा डेटा कुठल्या क्रमाचा आहे. सी मधल्या बिट-फील्डचं स्ट्रक्ट करून पिक्सेल काढू नका, त्यातला बिटांचा क्रम कंपायलरवर असतोय. अजून एक खड्डा म्हणजे लिनक्सचं राइटएल, ते रजिस्टरसाठी आहे आणि बिग एंडियनवर आकडा लिटल करून लिहितंय, मेमसीपीवाय-टू-आयओ मात्र बाईट जसेच्या तसे नेतंय. एका फंक्शनमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरं वापरलं की पडद्याचा एक भाग बरोबर आणि एक भाग चुकीचा दिसतोय.

जुन्या प्रोग्रामांचा एक वेगळा त्रास आहे. आधीच्या अ‍ॅडएफबी या (पडद्याचा बफर कर्नलला कळवायच्या) कॉलमध्ये फॉरमॅटचं नावच नसतंय, नुसतं ३२ बिट आणि डेप्थ २४ एवढंच, आणि ते प्रोग्राम सीपीयूच्या क्रमानंच लिहिणार. त्यासाठी कर्नलमध्ये होस्ट-एक्सआरजीबी८८८८ असं नाव आहे, बिग एंडियनवर त्याचा अर्थ बीजीआरएक्स८८८८ होतोय, आणि ड्रायव्हरला तसा क्वर्कचा (जुनी सवय सांभाळून घ्यायचा) झेंडा लावता येतो. ५६५ ला उलटं नाव नसल्यामुळं तिथं फॉरमॅटच्या ३१ व्या बिटातला बिग एंडियनचा झेंडा जोडतात. नवीन कोडमध्ये अ‍ॅडएफबी२ वापरा आणि फॉरमॅट स्पष्ट सांगा. काही हार्डवेअर स्वतःच स्वॅप करून देतंय, जुन्या रेडिऑन ग्राफिक्स कार्डांमध्ये सीपीयू ज्या खिडकीतून बघतो तिथं १६ किंवा ३२ बिटाचा स्वॅप लावता यायचा, खरं ३२ चा स्वॅप लावलेल्या खिडकीतून १६ बिटाचं चित्र नेलं की शेजारशेजारचे दोन पिक्सेलच जागा बदलणार, तेव्हा असल्या सोयीवर भिस्त ठेवताना जपून.

तपासायला पांढरा, काळा वापरू नका, ५६५ मध्ये ते उलटले तरी तसेच दिसतात, आणि नुसत्या लालवर पण थांबू नका, तुमची फसगत तिथंच झाली. मी हळद-कुंकू म्हणतो तसं करतो, पडद्यावर एक पिवळा पट्टा, एक लाल, एक हिरवा, एक निळा आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी. लाल-निळ्याची अदलाबदल असेल तर पिवळ्याचा आकाशी होतो, १६ बिटाचे बाईट उलटले असतील तर पिवळ्याचा जांभळा होतो आणि खालच्या करड्या पट्टीत रंगीत पट्टे उठतात. ३२ बिटाचे चारी बाईट उलटले असतील तर लाल-हिरवा जागा बदलतात आणि निळ्याच्या जागी एक्स येतो, एक्समध्ये एफएफ असेल तर काळा पण निळा दिसणार. चित्र नुसतं तिरकं सरकलेलं असेल तर ते एंडियन नव्हे, ओळीची लांबी चुकलीय.

बिग एंडियन मशीन हातात नसेल तर क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) पीपीसी६४ किंवा एस३९०एक्स ही बिग एंडियन मशीन चालवा, मी हल्ली तसंच करतो, फुकटात होतंय. आणि आत्ता तुमच्या बोर्डावर आधी एवढं करा, बीजीआर बिट काढून एकच हिरवा पिक्सेल पाठवा, एसपीआयच्या तारेवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावा आणि दोन बाईट कुठल्या क्रमानं गेले ते बघा. ०७ नंतर ई० गेलं असेल तर माझा अंदाज चुकला, मग पॅनेलच्या पिक्सेल फॉरमॅटच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते इथं टाका, पुढचं बघू.