पात्राला खोली असली की प्रेक्षकाचा प्रतिसाद खरंच बदलतो का?

हो, आणि सर्वात जास्त बदलतो तो आपल्याला न आवडणाऱ्या पात्राबाबत. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) हा चित्रपट बघा. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप लोकशाहीर नारायण कांबळेंवर आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कोर्टात जुनी कलमं एकसुरात वाचत जाते, तेव्हा तिचा राग येतो. मग कॅमेरा तिच्यासोबत लोकलमध्ये चढतो. मुलाला घेऊन ती घरी येते, स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना जेवायला वाढते. आपल्याच शेजारणीसारखी! पुढे हेच कुटुंब परप्रांतीयांना हाकलणारं नाटक बघायला जातं, मनापासून हसतं.

इथे राग जात नाही, पण त्याला सोपी जागा उरत नाही. नूतन नुसती खलनायिका असती तर तिला दोष देऊन आपण मोकळे झालो असतो. माझ्या मते दुःखद पूर्वकथा जोडली की खोली येते हा गैरसमज आहे, मालिकांमध्ये तर फारच. नूतनला अशी कुठलीच पूर्वकथा नाही. तिचं फक्त साधं, रोजचं आयुष्य दाखवलंय.